सवाई गंधर्व महोत्सव आणि त्याचे प्रवर्तक : भीमसेन जोशी यांच्या संयोजनकार्याचे मूल्यमापन

१

पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या गायकीविषयी मराठीत आणि कानडीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आवाजाचा पल्ला, त्यांचा दमसास, त्यांची तान आणि त्यांच्या अभंगगायनाने संपादिलेली लोकप्रियता यांची चर्चा यापुढेही होत राहील. परंतु या कलावंताने आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात जो संगीतोत्सव सुरू केला, आणि जो त्याच्या पश्चात आजही चालू आहे, तो उत्सव हीदेखील त्याचीच एक कृती होय आणि तिचाही विचार समीक्षेच्या अंगाने व्हावयास हवा, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. उत्सवासंबंधी जे लेखन आढळते ते बहुतांशी आठवणींच्या किंवा वृत्तांताच्या स्वरूपाचे असते. त्यात जिव्हाळा असतो, तपशीलही असतो. नसते ती फक्त चिकित्सा.

गायकाच्या कर्तृत्वाचे मोजमाप त्याने गायिलेल्या रागांवरून करावयाचे, तर संयोजकाचे कशावरून करावयाचे, हा येथे पहिला प्रश्न आहे. संयोजक स्वर लावीत नाही, बंदिश बांधीत नाही. त्याच्या हाती पाचच साधने असतात: कोणाला बोलवावयाचे, कोणाला कोणाच्या आधी बसवावयाचे, कोणत्या प्रहरी बसवावयाचे, कोणत्या जागी बसवावयाचे आणि समारोप कशाने करावयाचा. या पाच साधनांचा उपयोग जो विचारपूर्वक करतो तो प्रत्येक वर्षी संगीताविषयीचे आपले मत, एक शब्दही न बोलता, हजारो श्रोत्यांपुढे मांडीत असतो. या अर्थाने निवड ही समीक्षाच होय. भीमसेनांनी संगीतावर ग्रंथ लिहिला नाही, व्याख्याने देण्याचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांची संगीतविषयक भूमिका शोधावयाची असेल तर ती त्यांच्या गाण्यात जशी शोधावी लागते, तशीच या उत्सवाच्या रचनेतही शोधावी लागते.

२

ज्यांच्या नावाने हा उत्सव भरतो त्या सवाई गंधर्वांची, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांची, ऐतिहासिक स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८८६ साली जन्मलेले रामभाऊ हे धारवाडकडील कुंदगोळचे. त्यांनी किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी तालीम घेतली. पुढे ते मराठी रंगभूमीवर गेले आणि तेथेच, बालगंधर्वांच्या ऐन बहराच्या काळात, 'सवाई गंधर्व' ही पदवी त्यांना लाभली. 'सवाई' म्हणजे सव्वापट. या उपाधीत तत्कालीन नाट्यरसिकांची ईर्षा आणि कौतुक ही दोन्ही दिसतात. आयुष्याच्या उत्तरार्धात अर्धांगवायूने त्यांच्या गाण्यावर बंधने आणली आणि १२ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाच्या जेवढ्या तबकड्या उपलब्ध आहेत त्या सर्व तीन-साडेतीन मिनिटांच्या. ज्या गायकीचे सारे मर्म विलंबित लयीतील सावकाश बढतीत आहे तिचा एवढ्या अल्प काळात केवळ आभास होऊ शकतो. त्यामुळे सवाई गंधर्वांचा खरा वारसा राहिला तो त्यांच्या शिष्यवर्गात: गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी ही त्यातील ठळक नावे.

भीमसेनांचा या गुरूपर्यंतचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ त्यांनी घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता अशी वणवण करीत ते जालंधरास पोहोचले. तेथील हरवल्लभ संगीत संमेलनासाठी आलेल्या विनायकराव पटवर्धनांनी त्यांना घराजवळच असलेल्या रामभाऊ कुंदगोळकरांकडे जाण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. या हकीकतीतील योगायोग विचारात घेण्यासारखा आहे. ज्या मुलाने पुढे देशातील एक प्रमुख संगीतोत्सव उभारला त्याला आपल्या गुरूचा पत्ता मिळाला तोही एका संगीतोत्सवातच. उत्सव म्हणजे केवळ गाणे ऐकण्याची जागा नव्हे; दूरदूरच्या घराण्यांचे, प्रांतांचे आणि वयांचे लोक जेथे एकमेकांस भेटतात ती जागा, हा अनुभव भीमसेनांना पोरवयातच आलेला होता.

कुंदगोळ येथील तालमीसंबंधी जे ज्ञात आहे तेही अर्थपूर्ण आहे. तोडी, मुलतानी आणि पुरिया या मोजक्या रागांवरच तेथे दीर्घकाळ मेहनत करून घेतली गेली. थोड्या द्रव्यात खोल जाण्याची ही शिकवण होती. पुढे १९४६ साली गुरूच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या निमित्ताने पुण्यात जो समारंभ झाला त्यात भीमसेन गायिले आणि पुणेकर रसिकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. म्हणजे पुणे, गुरुगौरव आणि सार्वजनिक गायन या तीन गोष्टींची सांगड त्यांच्या आयुष्यात १९५३ च्या आधी सात वर्षेच पडलेली होती. गुरुनिधनानंतर वर्षाने सुरू झालेला उत्सव हा या सांगडीचा स्वाभाविक विस्तार होय.

३

गुरूची पुण्यतिथी गाण्याने साजरी करणे ही कल्पना नवी नव्हती. जालंधरचा उल्लेख वर आलाच आहे. तेथील संमेलनही बाबा हरवल्लभ यांनी १८७५ साली आपल्या गुरूच्या, स्वामी तुलजागिरी यांच्या, स्मरणार्थच सुरू केले होते. दक्षिणेत तिरुवय्यारू येथे त्यागराजांच्या समाधीपाशी होणारी आराधना ही याच जातीची. त्या समाधिस्थानाच्या उभारणीसाठी बंगळूर नागरत्नम्मा यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपले सर्वस्व वेचले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. किराणा घराण्यापुरते बोलावयाचे तर मिरजेचे उदाहरण सर्वांत जवळचे. १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँ हे मिरजेतील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात चिरविश्रांती घेत आहेत आणि तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायनसेवा रुजू होते. किराण्याच्या गायकांना स्मृती म्हणजे सेवा आणि सेवा म्हणजे गाणे, हे समीकरण या रीतीने आधीच ठाऊक होते.

मात्र या तिन्ही ठिकाणी उत्सवाचे केंद्र एखादे पवित्र स्थळ आहे: जालंधरास देवीतलाव, तिरुवय्यारूस समाधी, मिरजेस दर्गा. पुण्याच्या उत्सवास असे कोणतेही स्थळ नव्हते. सवाई गंधर्वांच्या जन्मभूमीत, कुंदगोळास, त्यांच्या स्मरणाचा निराळा उत्सव होतो. पुण्याचा उत्सव मात्र शाळांच्या पटांगणात, मांडवाखाली भरला. त्याची जागाही वेळोवेळी बदलली. रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलचे मैदान आणि अलीकडे मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाचे क्रीडासंकुल ही त्यांपैकी दोन. त्याची तिथीही पुण्यतिथीस चिकटून राहिली नाही. निधनाचा दिवस सप्टेंबरातला. उत्सव स्थिरावला तो डिसेंबरात, थंडीच्या दिवसांत. स्थळ आणि तिथी या स्मरणविधीच्या दोन पारंपरिक आधारांपासून हा उत्सव या प्रकारे मोकळा झाला. मग त्याला आधार उरला तो कोणता? केवळ गाण्याचा आणि गाणाऱ्या शिष्यांचा. पुण्यतिथीच्या विधीचे नागर, लौकिक संस्थेत झालेले हे रूपांतर आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या द्वारे घडून आले, आणि त्याचे श्रेय प्रवर्तकाच्या कल्पकतेइतकेच पुणे शहराच्या सार्वजनिक जीवनाच्या घडणीलाही दिले पाहिजे. वसंत व्याख्यानमाला आणि गणेशोत्सवातील मेळे यांनी मांडवाखाली बसून तासन् तास ऐकणारा श्रोतृवर्ग या शहरात आधीच तयार करून ठेवला होता.

येथे दुसऱ्या एका परंपरेशी तुलना आवश्यक ठरते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोदे येथे अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, आणि त्यापाठोपाठ दिल्ली, बनारस व लखनौ येथे परिषदा झाल्या. त्यांत गायनवादन होत असे. पण परिषदांचा मुख्य हेतू होता शास्त्रचर्चा. रागांची रूपे, श्रुती, पारिभाषिक मतभेद यांचा उस्ताद आणि पंडित यांनी समोरासमोर बसून निर्णय करावा, अशी भातखंड्यांची आकांक्षा होती. हा निर्णय पुरतेपणी कधीच झाला नाही. पुढच्या काळात 'कॉन्फरन्स' हे नाव राहिले आणि चर्चा गळून पडून जलसा तेवढा उरला. भीमसेनांनी सुरू केलेल्या उत्सवाने चर्चेचा आव प्रथमपासूनच आणला नाही. यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे, आणि एक उणीवही आहे. प्रामाणिकपणा असा की, ज्या गोष्टीचा निर्णय गळ्याने करावयाचा तिच्यावर ठराव करण्याचा मोह येथे टाळला गेला. उणीव अशी की, एवढी मोठी संगीतसभा वर्षानुवर्षे भरूनही तिच्यातून संगीतविचारास चालना देणारे वाङ्मय त्या प्रमाणात निर्माण झाले नाही. उत्सवाच्या जोडीने सवाई गंधर्व स्मारकात होणारे 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे उपक्रम, म्हणजे अनुक्रमे संगीतविषयक चित्रपटांचे दर्शन आणि कलावंतांशी संवाद, ही उणीव काही अंशी भरून काढतात, ही समाधानाची गोष्ट होय.

४

प्रवर्तकाच्या निवडीची दृष्टी कोणती होती, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न. गुरुस्मरणाचा उत्सव हा घराण्याचा उत्सव होणे अगदी सहज होते. सवाई गंधर्वांच्या नावाने भरणाऱ्या सभेत किराण्याचेच गायक गात राहिले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता. प्रत्यक्षात तसे झाले नाही. गंगूबाई आणि दस्तूर हे गुरुबंधुभगिनी वर्षानुवर्षे येथे गायिले. पण त्याच व्यासपीठावर जयपूर घराण्याच्या किशोरी आमोणकर आल्या, मेवाती घराण्याचे जसराज आले, शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि झाकिर हुसेन यांचा तबला आला. नृत्यालाही तेथे स्थान मिळाले. किराण्याच्या गुरूचे स्मरण इतर घराण्यांच्या गाण्याने करावयाचे, हा निर्णय वरवर दिसतो तितका साधा नव्हे. 'गुरुनिष्ठा म्हणजे घराण्याची बंदिस्ती' या समजुतीचा तो कृतीने केलेला निषेध आहे.

या निर्णयाचे मूळ प्रवर्तकाच्या स्वतःच्या गायकीत आहे. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन ध्रुवांच्या आधारे केली आणि किराण्यास स्वराच्या टोकाशी ठेवले, हे अभ्यासकांना विदित आहे. स्वरावरील एकाग्रता हे त्या घराण्याचे बळ, आणि लयीच्या अंगाची काहीशी उपेक्षा ही त्याची मर्यादा. भीमसेनांनी हे बळ सोडले नाही. पण ती मर्यादा निमूटपणे पत्करलीही नाही. केसरबाई केरकर, अमीर खाँ आदी परघराण्यांच्या गायकांपासून जे घेण्यासारखे वाटले ते त्यांनी घेतले, आणि त्यांच्या तानेची आक्रमकता किराण्याच्या रूढ चौकटीत सहज मावणारी नव्हती. तेव्हा ज्याने आपल्या गळ्यात अनेक घराण्यांना जागा दिली त्याने आपल्या मांडवातही त्यांना जागा दिली, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक विधान ठरत नाही. गायक आणि संयोजक या दोन भूमिकांत येथे एकाच वृत्तीचा प्रत्यय येतो. मूळ सोडावयाचे नाही आणि कुंपणही घालावयाचे नाही, ही ती वृत्ती होय.

या सर्वसमावेशकतेला आणखी एक परिमाण आहे आणि ते बहुधा दुर्लक्षित राहते. गुरु आणि शिष्य दोघेही कानडी मुलखातले. उत्सव सुरू झाला तेव्हा धारवाड आणि पुणे हे दोन्ही भाग मुंबई राज्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने धारवाड म्हैसूर राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि सीमाप्रश्नाने दोन्ही भाषिकांची मने दीर्घकाळ कडवट केली. या सबंध कालखंडात एका कानडी गुरूच्या नावाने, त्याच्या कानडी शिष्याने चालविलेला उत्सव पुण्यातील मराठी श्रोत्यांनी आपला मानला. हुबळीहून गंगूबाई येत आणि पुणेकर त्यांचे स्वागत घरच्या वडीलधाऱ्या बाईप्रमाणे करीत. मराठी अभंग आणि कानडी दासरपदे ही दोन्ही ज्याच्या मुखी सारख्याच सहजतेने होती अशा गायकालाच हे साधावे, यात नवल नाही. भाषेच्या प्रश्नावर एक अक्षर न बोलता या उत्सवाने जे केले त्याचे मोल संगीताच्या इतिहासाइतकेच दख्खनच्या सांस्कृतिक इतिहासातही नोंदविले गेले पाहिजे.

कालाच्या दृष्टीनेही १९५३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. संस्थानांचे विलीनीकरण होऊन गेले होते आणि दरबारी आश्रय संपला होता. आकाशवाणीने १९५२ साली संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून शासनाच्या आश्रयाचा नवा मार्ग दाखविला होता. राजाश्रय गेला आणि शासनाश्रय आला, अशा या संधिकाळात कलावंतानेच पुढाकार घेऊन लोकाश्रयाची स्वतंत्र संस्था उभारणे, ही तिसरी वाट होती. ती वाट सर्वस्वी नवी नसली, विष्णु दिगंबरांनी ती पूर्वीच चोखाळली असली, तरी तिच्यावरून सत्तर वर्षांहून अधिक काळ अखंडप्राय चालत राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

५

गौरवाबरोबर आक्षेपांचाही विचार केला नाही तर मूल्यमापन एकांगी होईल. या उत्सवावर, आणि एकंदरीतच मोठ्या संगीतसभांवर, घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की त्यांनी मैफलीचा घात केला. ख्याल ही मूलतः थोड्या जाणकारांसमोर, समोरासमोर बसून, श्रोत्याच्या प्रतिसादाबरोबर उमलणारी कला. हजारोंच्या समुदायापुढे ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने ती सादर होऊ लागली की सूक्ष्म श्रुतींचे काम हरवते, आलापीला आवश्यक असलेला धीर सुटतो आणि टाळी घेणारी तान, टिपेचा स्वर व द्रुत लय यांचे प्राबल्य वाढते. हा आक्षेप निराधार नाही. पंचेचाळीस मिनिटे किंवा तासाभराच्या बांधलेल्या अवधीत दोन राग आणि एक भजन बसविण्याची जी रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे, ती ख्यालाच्या प्रकृतीस मानवणारी नाही, हे कोणीही विचारी गायक कबूल करील.

तथापि हा आक्षेप या उत्सवास जसाच्या तसा लावता येत नाही. याचे कारण असे की, ज्या काळात तो वाढला त्या काळात त्याला रात्रीचा विस्तार उपलब्ध होता. तीन रात्री चालणाऱ्या आणि शेवटी उजाडेपर्यंत लांबणाऱ्या सभेत घाईला वाव नव्हता. मध्यरात्री दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललित किंवा भटियार, आणि उजाडल्यावर तोडी, असा रागांचा क्रम येथे घड्याळाप्रमाणे उलगडत असे. रागसमयाचा सिद्धान्त विद्यार्थी पुस्तकातून शिकतो. त्या मांडवात तो प्रत्यक्ष आकाशाच्या साक्षीने शिकता येत असे. हजारो श्रोते असूनही जाग्रणाने त्या समुदायास एक प्रकारची मैफलीची निकटता येत असे, कारण पहाटेच्या चार वाजेपर्यंत जो बसून राहतो तो केवळ करमणुकीसाठी आलेला नसतो. 'सवाईला जाणे' यास रसिकांच्या बोलीत 'वारी'चा अर्थ आला तो उगाच नव्हे. त्यातही चालण्याइतकेच टिकण्याला महत्त्व होते.

हा विस्तार पुढे नाहीसा झाला आणि त्याचे कारण उत्सवाबाहेरचे होते. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी आणि त्यांना पुष्टी देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निर्णयाने रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरणे निषिद्ध झाले. वर्षातील मोजक्या दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंतची सवलत राहिली. नागरिकांच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने हे निर्बंध योग्यच आहेत, त्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यांचे संगीतावर काय परिणाम झाले याची नोंद संगीताच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे. रात्रीची सभा दुपारी आणि संध्याकाळी आली, दिवसांची संख्या वाढली आणि रागांचा सबंध पट सरकला. मुलतानी, मधुवंती, पटदीप, मारवा, पुरिया, यमन यांना भरपूर जागा मिळाली. उत्तररात्रीच्या व पहाटेच्या रागांना ती दुर्मीळ झाली. मधूनमधून सकाळचे सत्र ठेवून याची भरपाई करण्याचे प्रयत्न झाले, परंतु झोपून उठून ऐकलेली तोडी आणि रात्रभर जागून ऐकलेली तोडी या दोन भिन्न गोष्टी होत. येथील खरी हानी एखाद्या रागाची नाही, ती क्रमाची आहे. परज, सोहनी, ललित हे राग ज्या श्रोत्याने केवळ ध्वनिमुद्रणातून ऐकले आहेत त्याच्या रागसमयविषयक जाणिवेत काय फरक पडतो, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.

दुसरा आक्षेप संस्थेच्या व्यक्तिनिष्ठतेसंबंधीचा आहे. उत्सवाचा प्रवर्तक हाच त्याचा सर्वांत मोठा गायक, आणि समारोपाचे गायनही त्याचेच, अशी रचना अनेक वर्षे होती. असल्या संस्था प्रवर्तकाबरोबर संपतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. या बाबतीत मात्र एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उत्सवाचा शेवट भीमसेनांच्या गाण्याने झाला तरी त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी तबकडी ऐकविण्याचा प्रघात पडला. सहस्रावधी श्रोते ज्या गायकासाठी थांबले त्याने अखेरचा स्वर स्वतःकडे न ठेवता गुरूकडे दिला. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने पाहिले तर ती तबकडी क्षीण आहे, खरखरीत आहे. मांडवातील बलाढ्य ध्वनियंत्रणेतून ती ऐकताना काळाचे अंतर अधिकच जाणवते. पण तेच तिचे कार्य आहे. एवढा सारा डोलारा कोणासाठी उभा आहे, याचे उत्तर त्या तीन मिनिटांत मिळते. संयोजकाच्या पाच साधनांपैकी समारोप हे शेवटचे. त्याचा इतका नेमका उपयोग क्वचितच आढळतो.

६

भीमसेन २४ जानेवारी २०११ रोजी निवर्तले. त्याच वर्षापासून उत्सवाच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले आणि तो 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' झाला. त्यांच्या हयातीतच समारोपाचा मान किराण्याच्याच, पण वेगळ्या शाखेच्या, प्रभा अत्रे यांच्याकडे आला होता; सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या अब्दुल करीम खाँच्या अपत्यांपाशी त्यांची तालीम झाली होती. म्हणजे एका गुरूच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या सभेचा समारोप आता त्या गुरूच्या गुरूच्या दुसऱ्या शाखेकडून होऊ लागला. २०२४ च्या जानेवारीत प्रभा अत्रेही निवर्तल्या. गंगूबाई २००९ साली आणि दस्तूर त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. सवाई गंधर्वांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या मुखातून गाणे घेतलेली पिढी या प्रकारे व्यासपीठावरून अस्तंगत झाली.

यानंतरच्या उत्सवापुढील प्रश्न मूलभूत स्वरूपाचा आहे. 'सवाई' हा शब्द पुण्यात आता एका गायकाची पदवी न राहता एका सोहळ्याचे नाव झाला आहे. तो उच्चारणाऱ्या तरुण श्रोत्यांपैकी रामभाऊ कुंदगोळकर कोण होते हे किती जणांना सांगता येईल, याची शंका आहे. एका दृष्टीने हा संस्थेचा विजय आहे, कारण तिला आता स्मरणाच्या आधाराची गरज उरलेली नाही. दुसऱ्या दृष्टीने तोच तिला असलेला धोका आहे. कारण स्मरणाचा आधार गेला की निवडीची कसोटीही जाते आणि लोकप्रियता हीच एकमेव कसोटी उरते. प्रवर्तकाच्या हयातीत कोणाला बोलवावयाचे याचा निर्णय एका जाणत्या कानाने होत असे. तो कान वारशाने देता येत नाही, नियमावलीत लिहूनही ठेवता येत नाही. तो टिकवावयाचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे पूर्वीच्या निवडींचा डोळस अभ्यास.

येथे विद्यापीठांच्या संगीत विभागांवर एक जबाबदारी येते. १९५३ पासूनच्या प्रत्येक वर्षीच्या कार्यक्रमपत्रिका, सादर झालेले राग, त्यांचा अवधी, क्रम, साथीदार आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणे यांची एकत्रित व चिकित्सक सूची सिद्ध झाली, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हिंदुस्थानी संगीताच्या अभिरुचीचा इतिहास लिहिण्यास तिच्यासारखे दुसरे साधन सापडणार नाही. कोणते राग कोणत्या दशकात पुढे आले, विलंबिताचा अवधी कसा घटत गेला, अभंग व भजन समारोपाच्या स्थानी केव्हा रूढ झाले, वाद्यसंगीताचे प्रमाण कसे बदलले, या प्रश्नांची उत्तरे आज अंदाजाने दिली जातात. ती पुराव्याने देता येतील. भातखंड्यांच्या परिषदांचे अहवाल छापले गेले म्हणून त्यांचे यश आणि अपयश या दोहोंची चर्चा आजही करता येते. उत्सवाने ठराव केले नाहीत, अहवालही दिले नाहीत; त्याने केवळ गाणे दिले. त्या गाण्याची नोंद करणे हे आता अभ्यासकांचे काम आहे.

भीमसेन जोशी यांना भारतरत्न हा सर्वोच्च बहुमान २००८ साली घोषित झाला तो गायक म्हणून, आणि ते उचितच होते. परंतु गायकाची कीर्ती त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे टिकते, तर संयोजकाचे कर्तृत्व त्याने घडविलेल्या श्रोत्यांतून टिकते. गुरूचे ऋण फेडण्याचे दोन मार्ग परंपरेने सांगितले आहेत: एक, गुरूची विद्या पुढच्या शिष्यांस देणे, दुसरा, गुरूचे नाव राखणे. भीमसेनांनी तिसरा मार्ग दाखविला. गुरूच्या नावाने त्यांनी ऐकणारा समाज घडविला, आणि त्या समाजाला आपल्या घराण्यापुरते न ठेवता सर्व घराण्यांच्या स्वाधीन केले. शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असोत वा नसोत, तीन पिढ्यांच्या श्रोत्यांना तीन रात्री स्थिर बसून विलंबित ख्याल ऐकण्याची सवय लावणे ही विद्यादानाचीच एक रीत होय. त्या सवयीचे पुढे काय होते, यावर या कार्याचे अंतिम मूल्य ठरेल. आणि तो निर्णय प्रवर्तकाच्या हाती नसून मांडवात बसणाऱ्यांच्या हाती आहे.